छतावरची पांढरी माती

आमच्या विजयमालाचं बारसं झालं ते साल एकसष्ट. घरात आधीची एक मुलगी होती, मीनाक्षी, दहा वर्षांची. दुसरीही मुलगीच झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही, कारण त्या दिवसांत आमच्या घरात कुणाचं लक्ष पाळण्याकडे नव्हतंच. सगळ्यांचं लक्ष छताकडे होतं.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. मालकांचं नाव हणमंत. ते फौजेत हवालदार होते. शेवटची नेमणूक जयपूरला होती. पेन्शनीत आल्यावर तिथल्याच दुर्गापुऱ्याला शेतकी फार्मवर ट्रॅक्टर चालवायची नोकरी लागली, म्हणून तिथंच आम्ही दोन खोल्या आणि एक अंधारी कोठी असं घर बांधलं. छत इकडच्या पद्धतीचं. दगडाच्या लांब पट्ट्या, वर चुन्याचा कोबा, आणि पाणी जायला भिंतीबाहेर डोकावणारी एक दगडी पन्हाळ. उन्हाळ्यात संध्याकाळी छतावर पाणी शिंपडायचं आणि बाजा टाकून उघड्यावर झोपायचं. मला ते फार आवडायचं.

माझ्या बाळंतपणाला सासूबाई आल्या. त्यांचं नाव पार्वती. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, त्या मला गंगे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, मालक एकुलते एक, तेव्हा आत्याबाई गावी एकट्याच राहायच्या. आता त्यांनी आमच्याकडेच राहावं असं मालकांच्या मनात होतं.

"बारसं झालं की मी जाणार हाय," आत्याबाई आल्या दिवसापासून म्हणायच्या.

"जाणार कुठं, आय? तिथं कोण हाय तुझं?"

"घर हाय."

"घराला बोलता येतं व्हय?"

"येत न्हाई तेच बरं. उलट तरी बोलत न्हाई."

खरी अडचण वेगळी होती. आत्याबाईंना आमच्या घरात काम सापडत नव्हतं. स्वयंपाक मी कुणाला करू देत नव्हते, पाणी मीनाक्षी भरायची, दूध शेजारच्या भंवरीबाई आणून द्यायच्या. आत्याबाई सकाळी उठून अंगण झाडायला जायच्या तर मालकांनी ते आधीच फौजी पद्धतीनं झाडून ठेवलेलं असायचं. "बसून खायला मी काय पाव्हणी हाय?" असं म्हणून त्या दुपारी रागानं झोपायच्या.

मग एका संध्याकाळी त्या पहिल्यांदा छतावर आल्या. कोब्याला बारीक भेगा गेल्या होत्या. आत्याबाईंनी भेगेत नख घातलं, चुन्याचा टवका काढला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हणम्या, ह्याला छत म्हणतोस? डोक्यावर फरशी घालून घेतलीस नुसती. ह्याच्यावर पांढरी माती कुठं हाय?"

आमच्याकडच्या घरांना मातीचं माळवद असतं. दरवर्षी पावसाआधी त्यावर पांढरी माती पसरायची, पाणी मारायचं, धुमसानं चोपायची. ती माती पाणी खाली उतरू देत नाही. गावात आत्याबाईंचं माळवद नावाजलेलं होतं. पण ते लाकडाचं आणि मातीचं. इथं खाली दगड.

"आय, इथं दगडावर माती बसायची न्हाई," मालक म्हणाले.

"तुला रं काय कळतं? तू ट्रॅक्टर चालीव."

बारशाला आत्याबाईंचा भाचा नागनाथ गावाहून यायचा होता. आत्याबाईंनी मालकांना निरोप लिहायला लावला, बाळंतविडा आणला नाहीस तरी चालेल, दोन पोती पांढरी माती आण. नागनाथ साधा माणूस. त्यानं खरंच आणली. चार गाड्या बदलत, दोन पोती डोक्यावरून उतरवत आणि चढवत तो आला. रतलामपाशी तिकीट तपासनिसानं त्याला अडवलं होतं.

"इसमें क्या है?"

"मिट्टी."

"कहाँ ले जा रहे हो?"

"जयपूर."

"राजस्थान में मिट्टी ले जा रहे हो?" तपासनीस आपल्या सोबत्याला हाक मारून म्हणाला, "अरे इधर आ, इसे देख ले. ऐसा आदमी फिर नहीं मिलेगा."

नागनाथ हे सांगताना अजून घाम पुसत होता. आत्याबाईंनी पोतं सोडलं, मूठभर माती हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "न्हवं, खाल्लाकडच्या पांढरीतली आणली न्हाईस. पर चालंल."

बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या छतावर चढल्या. पदर खोचून, तळपत्या उन्हात, माती पसरली, चोपली, पाणी मारलं, पुन्हा चोपली. पोरीला पाजायला म्हणून मी आत बसले की डोक्यावर धप्प धप्प चालायचं. गावी जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट मालकांना दटावलं, "पाऊस संपल्याबिगर मला हालता येणार न्हाई. छत माझ्या जबाबदारीवर हाय."

मालक खूश झाले. मी तेव्हा फारशी खूश नव्हते. माझ्या आमटीत मीठ कमी आहे हे त्या मालकांना सांगायच्या, मीनाक्षीला सांगायच्या, भंवरीबाईंनाही खुणेनं सांगायच्या. फक्त मला सांगायच्या नाहीत.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी मोठं वादळ झालं. आधी पिवळी आंधी उठली, दुपारी दिवे लावावे लागले. आंधीच्या पाठोपाठ असा पाऊस कोसळला की अंगणातलं पाणी ओसरीला लागलं. भंवरीबाईंच्या गोठ्याचे पत्रे उडून आमच्या बाभळीत अडकले. आळीतली सगळी घरं गळाली. आमच्या घरात मात्र थेंब नाही.

वादळ थांबल्यावर आत्याबाई लुगडं नीट नेसून बाहेर पडल्या. आजाऱ्याला बघायला जावं तशा त्या घरोघर गळती बघायला गेल्या. प्रत्येक घरात वर मान करून चुकचुकायच्या. भंवरीबाईंच्या अंगणात बायका जमल्या होत्या. आत्याबाईंनी तिथं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आमच्या छतातनं एक थेंब गळला ना, तर त्याच दिवशी मी गाडीत बसंन. ह्या गावाला तोंड दाखवायची न्हाई."

मीनाक्षीनं ते लगेच हिंदीत करून सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं असावं, कारण भंवरीबाईंनी हात जोडले.

खरं लिहायचं तर मी मनात म्हटलं, एक थेंब कशाला, तांब्याभर गळू दे.

त्याच धामधुमीत माझं मोठं पितळी बघुणं नाहीसं झालं. माझ्या आईनं लग्नात दिलेलं. त्यावर कोरलेलं नाव मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण पोचा कुठं आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. वादळात भांडी इकडची तिकडं गेली होती, आणि सगळ्यात जास्त गळती भंवरीबाईंकडे. मी उघड काही बोलले नाही. पण त्या दूध घेऊन आल्या की मी हटकून म्हणायची, "भंवरीबाई, एवढंसं दूध तापवायला माझ्याकडे आता छोटंच पातेलं आहे बघा."

"छोटा ही अच्छा है बाईजी, जल्दी गरम होगा," त्या म्हणायच्या.

मला वाटायचं, काय बेरकी बाई आहे.

दिवाळी झाली. थंडी सुरू झाली. मार्गशीर्षात एक दिवस मी रजया काढायला कोठीत गेले. कोठीला खिडकी नव्हती. वरच्या बाजूला एक खोल दगडी फळी होती, तिच्यावर आम्ही रजया, पत्र्याची पेटी, जुनी पोती असलं सामान ठेवायचो. स्टुलावर चढून कंदील वर धरला आणि पहिलीच रजई ओढली तर तिचा कुबट वास आला. उलगडून बघितली तर मधोमध पिवळा डाग, कडेला पांढरी रेघ. वर कंदील नेला. छताच्या दोन पट्ट्यांमधला सांधा काळा पडला होता आणि तिथून भिंतीवर मातकट ओघळ खाली उतरला होता. भिंतीला हात लावला तर चुना पिठासारखा गळून पडला.

वादळ होऊन तीन महिने झाले होते. आमचं छत गळलं होतं, फक्त कुणाला दिसणार नाही अशा जागी.

मी स्टुलावरच बसले. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. ही रजई नेऊन आत्याबाईंच्या पुढ्यात टाकायची, की काम झालं. दिलेला शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्याच दिवशी ट्रंक भरली असती.

पण त्या तीन महिन्यांत काय काय झालं होतं. विजयमाला त्यांच्या मांडीशिवाय झोपत नव्हती. दुपारी आम्ही दोघी छतावर उन्हात मटार सोलत बसायचो आणि त्या मला मालकांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. एवढा हवालदार माणूस, पण सात वर्षांचा होईपर्यंत कोंबडीला घाबरायचा. एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "तिकडं सांजंला दिवा लावला की भिंतीवर आपलीच सावली. तिच्याशी किती बोलावं माणसानं?" आणि मग घाईघाईनं म्हणाल्या, "मटार किडका हाय बघ तुझा."

मी रजईची घडी घातली. बाहेर येऊन म्हटलं, "आत्याबाई, कोठीत उंदीर झालेत. तुम्ही जाऊ नका तिकडं. पायाला चावतील."

"बरं बाई, न्हाई जात," त्या म्हणाल्या. इतक्या चटकन ऐकल्या त्याचंच मला नवल वाटलं.

आता ती रजई वाळवायची कुठं? छतावर आत्याबाई, अंगणात आत्याबाई. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोरीला न्हाऊ घालत होत्या तेव्हा मी रजई गुंडाळून घरामागच्या कुंपणाकडे गेले. तिथं बाभळीच्या आडोशाला मालक उकिडवे बसले होते. नोकरीच्या वेळेला. त्यांच्या मांडीवर फौजेतला जाड कोट होता आणि ते ब्रशनं त्याचा खांदा घासत होते. कोटावर शेवाळासारखी हिरवी बुरशी होती.

"तुम्ही इथं?"

"तू इथं कशी?"

"रजईला ऊन द्यायला."

"कुंपणामागं?"

"आणि तुम्ही कोट कुंपणामागं का घासताय?"

मालकांनी ब्रश पाठीमागं लपवला. मग मला उलगडा झाला. गेला आठवडाभर ते कडाक्याच्या थंडीत नुसत्या स्वेटरवर सायकल मारत फार्मवर जात होते. कोट का घालत नाही विचारलं की दात कडकडत म्हणायचे, "फौजी माणसाला कसली थंडी?" कोट कोठीतच टांगलेला होता.

"कधी बघितलंत?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर. आयला बोललीस का?"

"छे."

"बोलू नकोस. जाईल ती. खरंच जाईल."

"मला काय सांगताय? मी उंदीर सांगितलेत."

"मग मी घूस सांगतो," मालक म्हणाले. "उंदराला एवढा वास येत न्हाई."

त्या रविवारी त्यांनी घुशीचं बीळ बुजवायचं म्हणून कोठीचं दार लावून घेतलं आणि ओघळावर चुना मारला. आत्याबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या.

"घूस लई वर चढली वाटतं," त्या म्हणाल्या.

"हां, आय. इकडच्या घुशी चढतात."

मालकांनी मारलेला चुना चार दिवसांत पोपडे धरून खाली आला. वर इकडे थंडीत पडतो तो पाऊस, ज्याला मावठ म्हणतात, तोही संक्रांतीआधी दोन दिवस पडून गेला. मी कोठीत जाऊन बघायचं धाडससुद्धा केलं नाही.

संक्रांत आली. जयपूरला त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. सगळं गाव छतांवर, आणि आकाश पतंगांनी भरलेलं. विजयमालाची पहिली संक्रांत, म्हणून आम्ही बोरन्हाण छतावरच ठेवलं. पोरीला काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे हार. ती मुकुट चाटत होती. भंवरीबाई मुरमुरे आणि बोरं वेचायला मदत करत होत्या. आत्याबाई मधोमध पाटावर, पोर मांडीवर. मालक चांगले कपडे करून खाली अंगणात पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था बघत होते. अंगात तोच कोट, आता स्वच्छ झालेला.

पलीकडच्या छतावरून "वो काटा!" अशी आरोळी उठली आणि एक कापलेला पतंग आमच्या कठड्यावरून खाली गेला. त्याचा मांजा पन्हाळीत अडकला.

"आजी, मेरी पतंग!" मीनाक्षी ओरडली आणि कोपऱ्यात धावली. मांजा निघेना तेव्हा तिनं जवळच पडलेली काठी पन्हाळीत घातली आणि जोरात ढोसली.

तिथं काय झालं होतं ते सांगते. वादळात पांढरी माती वाहत जाऊन त्या कोपऱ्यात, नेमकी कोठीच्या वर, जमा झाली होती आणि पन्हाळीत घट्ट बसली होती. मावठीचं पाणी तिच्यामागं दोन दिवस तुंबून होतं. वरून माती सपाट दिसायची, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. काठी लागताच बूच उडालं आणि पांढरट गढूळ पाण्याचा लोट खाली पडला. खालून मालकांचा फौजेतला आवाज आला. काय म्हणाले ते सणाच्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं, आता लिहिण्यासारखंही नाही.

आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. मालक टोपीपासून बुटापर्यंत पांढरे झाले होते, हातात चहाची किटली.

सगळ्या आळीला हसू आवरेना. पण भंवरीबाई हसता हसता थांबल्या. त्या कोपऱ्यातल्या चिखलाकडे बघून म्हणाल्या, "इतना पानी खड़ा था? फिर तो नीचे टपका होगा."

"नाही नाही," मी म्हटलं. "थेंब नाही."

"थेंब न्हाई!" खालून मालक ओरडले. तोंडातली माती थुंकून पुन्हा ओरडले, "अजिबात न्हाई, आय!"

"चलो, देखते हैं," भंवरीबाई म्हणाल्या. वादळात आत्याबाईंनी त्यांच्या छताला चुकचुकलेलं त्या विसरल्या नव्हत्या. मी अडवेपर्यंत त्या जिना उतरून कोठीत शिरल्या आणि स्टुलावर चढल्या. मी मागं, मालक ठिबकत ठिबकत माझ्या मागं, आणि सगळ्यात शेवटी पोरीला काखेत घेऊन आत्याबाई.

"भंवरीबाई, तिथं घूस आहे," मी म्हटलं.

"घूस नहीं है," त्यांनी पेटीमागं हात घातला आणि आडोशाला लावलेलं जुनं पोतं बाजूला सारलं. "यह है." दोन्ही हातांनी ओढून त्यांनी माझं पितळी बघुणं बाहेर काढलं. "लो बाईजी. छोटे पतीले में दूध गरम करती हो ना?"

माझी मान खाली गेली. पण बघुण्यात जे होतं ते बघून मी ती पुन्हा वर केली. तळाला एक फडकं घातलेलं होतं, थेंब पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून. फडक्यावर कालपरवाचं पाणी होतं. आणि बघुण्याच्या आतल्या बाजूला वाळलेल्या पांढऱ्या मातीच्या रेघा होत्या, एकावर एक, वेगवेगळ्या उंचीच्या. कुणीतरी ते पुष्कळदा भरू दिलं होतं आणि पुष्कळदा रिकामं केलं होतं.

मी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी मागं पाहिलं.

आत्याबाई पोरीच्या हलव्याच्या हारातला एक दाणा नीट करत होत्या.

"खाली ठिवू नका ते," त्या म्हणाल्या. "अजून मावठ हाय."

"आय, तुला ठाव होतं?"

"मला न्हाई तर कुणाला? छत कुणाच्या जबाबदारीवर हाय?" मग आवाज उतरला. "त्या बायकांत बोलून बसले, आन् दोन दिसांनी आत गळाय लागलं. रजई भिजली तवा कळलं. शब्द तोंडातनं गेलेला. म्हटलं बघुणं लावावं, पाऊस सरला की आपसूक थांबंल."

आत्याबाईंनी विजयमालाला माझ्याकडे दिलं. "घे तुझी लेक. हणम्या, तोंड धू आन् गाडीचं बघ. बोलल्यापरमाणं झालं पाहिजे." त्या आत गेल्या आणि खाटेखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

मालक दारात उभे, अंगावरून पांढरं पाणी गळतंय. पलटणीला हुकूम सोडणारा माणूस, पण आईपुढं त्याचं कधी काही चाललं नाही. रडून थांबणाऱ्या त्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. विनवण्या केल्या असत्या तर ट्रंक लवकर भरली असती. मी पोरीला कडेवर घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले.

"जा ना. खुशाल जा. पण आधी ती तुमची माती खाली काढा."

ट्रंकेचा आवाज थांबला. "काय म्हणालीस, गंगे?"

"माती. दोन पोती माती माझ्या छतावर घालून ठेवलीत. मालकांना माळवदातलं काय कळतं? ते फावडं मारतील आणि राहिलेला कोबाही फोडतील. भंवरीबाईंना सांगू का काढायला? तुमची माती तुम्ही आणलीत, तुम्हीच उतरवा. आमचं छत होतं तसं करून द्या आणि मग बसा गाडीत."

मालक माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच घूस आहे. आत्याबाई दारात आल्या. त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढी माती एका दिवसात निघती व्हय? हळूहळू खरवडून काढाय लागती. चुना बरूबर आला तर सगळं गेलं."

"मग हळूहळू काढा."

"आख्खा उन्हाळा जाईल."

"जाऊ दे की."

"आन् काढून टाकायची कुठं? गावची माती हाय. उकिरड्यावर टाकू देणार न्हाई मी."

"अंगणात वाफे करा."

"लई बोलाय लागलीस," आत्याबाई म्हणाल्या. मग भंवरीबाईंकडे वळून खुणेनं सांगितलं की हिच्या आमटीत मीठ नसतं, आणि पोरीला माझ्या कडेवरून परत घेऊन छतावर गेल्या. बोरन्हाण अर्धंच राहिलं होतं.

बघुणं मी त्या दिवशी भंवरीबाईंना दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाल्या, "चोरी का इल्ज़ाम लगा है, अब तो दूध भी महँगा दूँगी."

त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी माती काढायला सुरुवात केली. सकाळी ऊन चढायच्या आधी एक घमेलं, कधी अर्धंच. खालच्या वाफ्यात मेथी लावली, मग ती मेथी आहे म्हणून तिला पाणी घालायला कुणी हवं, म्हणून पावसाळाभर राहिल्या. पुढच्या वर्षी मालकांनी मोकळ्या झालेल्या बाजूला नवा कोबा केला. त्यावर देखरेख आत्याबाईंची. त्यानंतर माती काढायचं काम आणखीच हळू चाललं. गावाहून नागनाथ आला की विचारायचा, "आत्या, कधी येणार?" आणि त्या वर बोट दाखवायच्या, "अजून कोपरा ऱ्हायलाय." मालक एकदा माझ्या कानात म्हणाले की आय रात्रीतून परत थोडी वर नेऊन टाकते की काय. मी म्हटलं, बघायला जाऊ नका.

कोठी त्यानंतर गळली नाही. त्या कोपऱ्यात शेवटपर्यंत एक घमेलं माती उरली होती, आणि ती अजून तिथंच आहे. आत्याबाई अडुसष्ट सालच्या ज्येष्ठात, पावसाआधी, याच घरात वारल्या.